पडद्यावरच्या आईचा गळा

दुपारी दूरचित्रवाणीवर एखादा जुना हिंदी चित्रपट लागलेला असतो, काठपदराची साडी नेसलेली कुणाची तरी आई दारात येऊन उभी राहते, आणि गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या घरात मावशी आदोळीवर, म्हणजे नारळ खवायच्या विळीवर, खाली घातलेली मान वर करून म्हणते, "ही आमची आशालता न्ही गो!" चित्रपटाचे नाव तिला ठाऊक नसते, नायक कोण आहे याच्याशी तिला कर्तव्यही नसते. ती आई पडद्यावरून निघून गेली की मावशीचा चित्रपट संपतो आणि नारळ पुन्हा खवला जाऊ लागतो.

चरित्र अभिनेत्रीचा चेहरा साऱ्या देशाच्या ओळखीचा असतो, पण नाव विचारले तर लोक "ती हो, अमक्याची आई झालेली" असे सांगून मोकळे होतात. आशालता वाबगावकर यांच्या वाट्याला पडद्यावर बहुधा हेच आले. 1980 साली बासू चटर्जींच्या 'अपने पराये'मधून त्या हिंदी चित्रपटात आल्या, त्या एकत्र कुटुंबातली थोरली जाऊ होऊनच. आणि एकदा थोरलेपण अंगाला चिकटले की आपला चित्रपट व्यवसाय ते सहसा उतरू देत नाही. पुढची कित्येक वर्षे त्या हिंदीत आणि मराठीत आई, आजी, काकू होत राहिल्या. त्यांनी मानसशास्त्रात एम.ए. केले होते. चित्रपटातल्या आयांना मन भरपूर असते, पण ते उघड करायला वाक्ये फार थोडी मिळतात. तिथे तो अभ्यास त्यांच्या कामी आला असावा, असा माझा आपला तर्क.

मावशीची आशालता मात्र ही नव्हे. तिची आशालता गाते. जन्माने गोव्याची असलेली ही मुलगी मुंबईत वाढली, आकाशवाणीवर कोंकणी गाणी म्हणू लागली आणि गोपीनाथ सावकारांसारख्या गुरूच्या हाताखाली रंगभूमीवर उभी राहिली. गोवा मुक्त होऊन पुरती तीन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा, 1964 मध्ये, दि गोवा हिंदू असोसिएशनने वसंत कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' रंगमंचावर आणले. संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचे, पराशर म्हापशाचे रामदास कामत, आणि सत्यवती आशालता. कोळ्याच्या पोरीपासून हस्तिनापूरच्या राणीपर्यंत, फसवल्या गेलेल्या तरुणीपासून स्वतःच्या महत्त्वाकांक्षेची किंमत मोजणाऱ्या स्त्रीपर्यंतचा तो प्रवास होता. हातात पूजेचे ताट घेऊन दारात उभे राहण्याचे काम तिथे नव्हते.

आमच्याकडे देवळाच्या उत्सवात नाटक होणार म्हणजे होणारच. रात्री उशिरा पडदा वर जाणार आणि पहाटे कधीतरी खाली येणार. घरात कोंकणी बोलणारी माणसे त्या रात्री मराठीतून रडतात, भांडतात आणि गातात. मावशीच्या तरुणपणी घरंदाज मुलीने त्या मांडवात पुढे बसावे, वर चढू नये, असा दंडक होता. म्हणून तिने 'मत्स्यगंधा'तले आशालताबाईंचे 'गर्द सभोवती' हे पद रेडिओवर ऐकून पाठ केले आणि आपली रंगभूमी स्वयंपाकघरात मांडली. आदोळीच्या दातांवर नारळाची कवड फिरते आहे, खालच्या ताटात पांढरा चव साचतो आहे, आणि गाण्यातली हरकत आली की हात थांबतो, कारण हरकत आणि खवणे दोन्ही एकदम तिला जमत नाही. बालकवींच्या त्या कवितेतले रान मला आजही ओल्या खोबऱ्याच्या वासाचेच वाटते.

चित्रपटाने आशालताबाईंचा चेहरा घेतला आणि गळा बहुतांशी बाहेरच ठेवला, ही माझी जुनी तक्रार आहे. 'अंकुश'मध्ये, 1986 साली, त्यांच्याच घरातल्या देवापुढे म्हटली जाणारी प्रार्थना पुढे शाळाशाळांतून पोचली. तिला आवाज मात्र सुषमा श्रेष्ठ आणि पुष्पा पागधरे यांचे आहेत. ते सुरेखच आहेत, आणि पार्श्वगायनाची रीतही मला कळते. तरी ज्या बाईने पेटी-तबल्याच्या साथीने भरलेल्या नाट्यगृहांत ते पद गायले, तिने पडद्यावर उसन्या आवाजाच्या प्रार्थनेसमोर बसावे, हे पाहताना मन थोडे अडखळतेच. स्वतः त्यांना गाणे अधिक जवळचे असावे, असे मला वाटते, कारण आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिले ते 'गर्द सभोवती' असेच.

22 सप्टेंबर 2020 रोजी साताऱ्यात करोनाने त्यांचे निधन झाले. मालिकेच्या चित्रीकरणासाठी त्या तिथे गेल्या होत्या, म्हणजे शेवटपर्यंत कामावरच होत्या. त्या दिवशी बातम्यांमध्ये पुन्हा पुन्हा जुन्या चित्रपटांतली दृश्ये दाखवत होते, आणि बहुतेकांत त्या पदराने डोळे टिपत होत्या. मावशीने थोडा वेळ पाहिले. मग म्हणाली, "रडताना कित्याक दाखयतात तिका?" तिने मला आवाज बंद करायला लावला, चित्र तसेच राहू दिले, आणि मोबाईलवर ते पद लावायला सांगितले. पडद्यावर ती आई ओठ हलवत कुणाला तरी समजावत होती, गाणे तिच्या ओठांशी कुठेच जुळत नव्हते, आणि मावशी अर्धी कवड हातात धरून ते जुळायची वाट पाहत बसली होती.