आमची वाटचाल : कोटेशनची शेवटची ओळ

गेमिंग पीसीचं कोटेशन आमच्याकडे पूर्वी प्रोसेसरपासून सुरू व्हायचं. मग बोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, कॅबिनेट, आणि बजेटमध्ये जे उरेल त्यात एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन सगळ्या भागांना पुरवणारा डबा. बऱ्याचदा तो कॅबिनेटसोबतच यायचा, म्हणजे वेगळी ओळही लागायची नाही. आता ग्राफिक्स कार्ड ठरलं की लगेच खाली एसएमपीएस लिहितो आणि बाकीचं उरलेल्या पैशांत बसवतो. गिऱ्हाईक तेच, घासाघीसही तीच. बदलली ती ही एक ओळ. (कंपन्या त्याला पॉवर सप्लाय म्हणतात; पुण्यात तपकीर गल्लीपासून हिंजवडीपर्यंत सगळे एसएमपीएसच म्हणतात, म्हणून इथेही तेच.)

सगळ्यात आधी सुटली ती खोक्यावरचा वॉटचा आकडा वाचायची सवय. आता युनिट उलटं करून लेबल वाचतो. +१२ व्होल्टच्या रांगेत जितके अँपिअर लिहिलेत त्यांना १२ ने गुणायचं. ५५० वॉटच्या युनिटवर ४५ अँपिअर असतील तर ५४० वॉट, म्हणजे जवळपास सगळी ताकद १२ व्होल्टवर आहे, आणि आजचा प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही तिथूनच खातात. ‘४५०’ छापलेल्या लोकल युनिटवर १२ व्होल्टला १८ अँपिअर दिसले, तर गेमिंगपुरता तो २१६ वॉटचा माल आहे. बाकीचे वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रांगांत दाखवलेले असतात, तिथे आता खाणारं फारसं कोणी उरलेलं नाही. १२ व्होल्टच्या दोन रांगा असतील तर अँपिअरची बेरीज करू नका. खाली एकत्रित वॉट छापलेले असतात, ते धरा.

मग हिशेब. आरटीएक्स ५०७० चे २५० वॉट. रायझन ५ ७६०० च्या खोक्यावर ६५ लिहिलंय, पण तो ८८ पर्यंत ओढतो, म्हणून ८८. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ६०. झाले ४०० च्या आसपास. त्याला आम्ही ६५० वॉट लिहितो. ११५ वॉटच्या आरटीएक्स ४०६० ला चांगला ५५० वॉट भरपूर झाला. याच मशीनना १००० वॉट मागणारेही येतात. दोघांच्या भातासाठी लग्नाचं पातेलं. बिघडत काही नाही, पैसे मात्र जातात.

४०० ला ६५० कशाला, हा प्रश्न रोजचा. २५० वॉट ही कार्डाची सरासरी आहे. काही मायक्रोसेकंद ते मिलीसेकंद कार्ड त्याच्या दुपटीच्या आसपासही उसळी मारतं. २०२० च्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० पासून हे दुखणं ठळक झालं. एसएमपीएसच्या संरक्षणाला ही उसळी ओव्हरलोड वाटते आणि ते सप्लाय तोडतं. गेम रंगात आलेला असताना स्क्रीन एकदम काळी आणि मशीन बंद किंवा रीस्टार्ट; निळा स्क्रीन नाही, एररही नाही. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ सापडतो आणि लोक तोच पुरावा समजतात. ती नोंद एवढंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं.

पुरावा गोळा करायचा तो असा. आधी फक्त प्रोसेसरवर लोड टाका, मग फक्त कार्डावर, मग दोन्हीवर एकदम. एकेकटे तासभर चालतात आणि दोन्ही मिळून पडतात, तर संशय एसएमपीएसवर. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणल्यावर पडणं थांबलं, तर संशय आणखी पक्का. मल्टिमीटर लावायचा तर लोड चालू असताना. १२ व्होल्टची मुभा ११.४ ते १२.६ आहे. एसएमपीएसच्या मोठ्या प्लगमधली हिरवी वायर काळीला जोडून पंखा फिरवून दाखवणं ही चाचणी नव्हे. त्यातून युनिट पूर्ण मेलेलं नाही एवढंच कळतं. आणि युनिट उघडायचं नाही. मुख्य कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो.

एसएमपीएससाठीच्या २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने या उसळ्यांची दखल घेतली : ग्राफिक्स कार्डाच्या नव्या १६ पिनांच्या कनेक्टरवाल्या युनिटने १०० मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेलला पाहिजे. ३.१ मध्ये कनेक्टर सुधारला. सेन्सच्या, म्हणजे किती वॉट ओढायचे ते कार्डाला कळवणाऱ्या, चार पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट बसला तर कार्डाला परवानगीच मिळत नाही. तरी बसवताना फट राहिली नाही ना, हे टॉर्च मारून बघतो, आणि पहिले ३५ मिलिमीटर केबल वाकवत नाही. अरुंद कॅबिनेटची काच नेमकी तिथेच दाबते, म्हणून कॅबिनेटची रुंदी आधी मोजायची. जुन्या ८ पिनांच्या दोन सॉकेटवाल्या कार्डाला दोन स्वतंत्र केबल. एकाच केबलची शेपटी दुसऱ्या सॉकेटात नाही.

८० प्लसच्या बिल्ल्याबद्दल थोडक्यात. तो फक्त किती वीज वाया जाते ते सांगतो. रिपल (व्होल्टेजमधली थरथर) किती, संरक्षण कोणतं, कपॅसिटर कुठले, याबद्दल चकार शब्द नाही. गणित करून बघा : ४०० वॉटच्या भाराला ८५ टक्केवाला भिंतीतून ४७० घेतो, ९० टक्केवाला ४४४. रोज चार तास खेळलात तर वर्षाला सुमारे ३८ युनिट विजेचा फरक. वीजबिलासाठी गोल्ड बिल्ल्याचा घेऊ नका. घ्यायचा तर आतली बांधणी सहसा बरी असते म्हणून. बिल्ल्याची चाचणी २३ अंशांच्या खोलीत होते, आणि पुण्याच्या मे महिन्यात कॅबिनेटच्या आत काय असतं ते सांगायला नको. १०५ अंशांचे कपॅसिटर विचारा. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. ब्रँडवरही विसंबू नका. एकाच ब्रँडच्या दोन मालिका दोन वेगळ्या कारखान्यांत बनलेल्या असू शकतात. ऑसिलोस्कोप लावलेला रिव्ह्यू शोधायचा तो त्याच मॉडेलचा.

यूपीएसची गल्लत नेहमीची. ६०० व्हीए म्हणजे साधारण ३६० वॉट. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली आणि गेम चालू असला, तर वरचं मशीन यूपीएससकट जागच्या जागी बंद. गेमिंगला १ केव्हीएच्या खाली जाऊ नका, आणि जमलं तर प्युअर साइनवेव्हच घ्या. ॲक्टिव्ह पीएफसीच्या (भिंतीतून वीज सलग, समान ओढणाऱ्या सर्किटच्या) काही एसएमपीएसना साध्या यूपीएसची चौकोनी वेव्ह मानवत नाही.

पेठांमधल्या जुन्या वाड्यांत तक्रार वेगळीच येते : कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात. एसएमपीएस बिघडलेला नसतो. त्याच्या फिल्टरमधले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून बॉडीला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर बॉडी मधल्या, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगते. करंट अगदी किरकोळ, पण जाणवतो. सॉकेटमध्ये फेज ते अर्थ २३०, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्ट यायला हवेत. काही वायरमन झटपट उपाय म्हणून न्यूट्रलच अर्थच्या पिनेला जोडून देतात. ते कदापि करू देऊ नका. न्यूट्रल तुटला की पूर्ण २३० व्होल्ट कॅबिनेटवर. अर्थिंगची वेगळी वायर टाकून घ्या, दुसरा इलाज नाही.

मशीन देताना उरलेल्या मॉड्युलर (युनिटपासून सुट्या होणाऱ्या) केबल पिशवीत भरतो आणि पिशवीवर एसएमपीएसचं मॉडेल मार्करने लिहितो. कार्डाकडचं टोक सगळ्यांचं सारखं, पण युनिटकडच्या टोकाच्या पिना प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. दुसऱ्या युनिटची साटा केबल मापात चपखल बसते, आणि हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या वाटेवर १२ व्होल्ट सोडते.