पेन्सिलची खूण

गिरगावातल्या एका गल्लीत मी चाळीस वर्षे रेडिओ दुरुस्त करीत आलो आहे, आणि "सेट बिघडला आहे" या तक्रारीचे जितके अर्थ असू शकतात तितके सगळे आपण ऐकले आहेत, असा माझा २०१६ च्या मे महिन्यापर्यंत समज होता. त्या महिन्यात महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आपला मर्फीचा व्हॉल्व्ह सेट नातवाकरवी उचलून तिसऱ्यांदा दुकानात घेऊन आल्या. पहिल्या खेपेस मी गळके कंडेन्सर बदलले होते, दुसऱ्या खेपेस एक व्हॉल्व्ह. आणि दोन्ही वेळा व्हॉल्व्ह तापताच दुकानात आकाशवाणीचे मुंबई 'ब' हे मराठी केंद्र स्वच्छ बोलू लागले होते. घरी नेला की नुसती खरखर.

"अहो, तुमच्याकडे हा बोलतो आणि माझ्याकडे रुसतो. हे काय गौडबंगाल आहे ते एकदा घरी येऊन बघाच," असे त्यांनी मला बजावले. तिसऱ्यांदा पैसे घ्यायला मलाही संकोच वाटत होता, म्हणून मी दुसऱ्या दिवशी येतो असे सांगितले.

सेटच्या डायलखालच्या लाकडी पट्टीवर त्यांच्या यजमानांनी मुंबई 'ब' साठी पेन्सिलने एक बारीक उभी रेघ मारून ठेवली होती. ती १९७८ च्या आधीची असणार, असे मागच्या पुठ्ठ्याला अडकवलेल्या टपाल खात्याच्या परवाना-पुस्तिकेवरून दिसत होते. त्या वर्षाच्या २३ नोव्हेंबरला युरोप, आफ्रिका आणि आशियातल्या मध्यम लहरींच्या (मीडियम वेव्ह) केंद्रांनी आपापल्या कंप्रता, म्हणजे फ्रिक्वेन्सी, नऊ किलोहर्ट्झच्या पटीत आणून बसवल्या. मुंबईच्या केंद्रांच्या कंप्रतांचे ५५८, १०४४ आणि ११८८ हे तिन्ही आकडे नऊने भागून पाहावेत, बाकी शून्य उरते. ही हालचाल फार तर चार-पाच किलोहर्ट्झची असल्यामुळे काट्याच्या जाडीत ती कोठल्या कोठे बुडून जाते, आणि म्हणून यजमानांची रेघ आजही बरोबर होती. मला मात्र एवढ्यावरून कळायला हवे होते की दोष सेटमध्ये नाही.

पूर्वी बाई चाळीत राहत असत. चाळ पाडून त्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या अकराव्या मजल्यावर त्या वर्षभरापूर्वी राहायला आल्या होत्या. मी सोबत पेन्सिल-सेलवर चालणारा एक लहान ट्रान्झिस्टर घेतला होता. फाटकाशी त्यावर मुंबई 'ब' स्पष्ट लागत होते. लॉबीत ते क्षीण झाले. लिफ्टची मोटर सुरू होताच करवतीसारखा आवाज उठला, आणि बाईंच्या दिवाणखान्यात पोहोचेपर्यंत काटा कोठेही नेला तरी एकच गुरगुर ऐकू येऊ लागली.

मी त्यांची परवानगी घेऊन घराचा मेन स्विच बंद केला. पंखा मंदावत थांबला, आणि टीपॉयवरच्या त्या चिमुकल्या ट्रान्झिस्टरमधून एका निवेदिकेचा मराठी आवाज, मागे थोडी खरखर ठेवून का होईना, खोलीत आला. बाई काही न बोलता सोफ्यावर बसल्या आणि कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी मला स्विच लावू दिला नाही. आम्ही दोघे मे महिन्याच्या दुपारी पंख्याशिवाय घाम पुसत ऐकत बसलो. अडचण उघड होती: मर्फी विजेवर चालणारा, आणि त्याला गप्प करणारी गोष्टही विजेबरोबरच घरात येत होती.

मध्यम लहरींवर आवाज हा लहरीच्या उंचीच्या चढउतारातून वाहून नेला जातो. वाटेत कोठे ठिणगी उडाली, मग ती आभाळातली असो वा अडॅप्टरमधली, ती त्याच उंचीत मिसळते आणि सेटला दोन्हींतला भेद कळत नाही. एलईडी दिवे, चार्जर, सेट-टॉप बॉक्स यांच्या आतली मंडले सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असतात, आणि त्यांचा उपद्रव थेट याच पट्ट्यात पसरतो.

त्या अर्ध्या तासात बाईंनी आपल्या वडिलांची हकिकत सांगितली. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा वडील याच गिरगावात गॅलरीत तार ताणून, कानाला हेडफोन लावून क्रिस्टल सेटवर ते ऐकत असत. क्रिस्टल सेटला ना वीज लागे ना बॅटरी; जे काही ऐकू येई ते केवळ हवेतून आलेल्या लहरीच्या बळावर. केंद्राचा प्रक्षेपक अवघा दीड किलोवॅटचा होता आणि त्याची मजल तीसेक मैलांची मानली जाई. कंपनी मात्र तीन वर्षेही टिकली नाही. वार्षिक दहा रुपयांच्या परवान्यातले आठ रुपये तिला मिळत, पण मुंबई-कलकत्ता मिळून परवाने आठ हजारांपर्यंतही पोहोचले नाहीत, आणि मार्च १९३० मध्ये तिने दिवाळे काढले. पुढच्याच महिन्यात हे केंद्र सरकारने ताब्यात घेतले, ऑक्टोबर १९३१ मध्ये सरकारनेही ते बंद करायचे ठरवले आणि ओरड झाल्यावर नोव्हेंबरात निर्णय फिरवला. १९३६ च्या जूनमध्ये त्याला ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळाले. बाईंचा जन्मही त्याच वर्षीचा.

मी मनात हिशेब मांडू लागलो. आज मालाडला खाडीकडच्या बाजूला शंभर किलोवॅटचा प्रक्षेपक आहे. शक्ती सहासष्ट पटींहून अधिक, म्हणजे तितक्याच अंतरावर लहरीचे बळ सुमारे आठपट. मालाड गिरगावापासून दूर आहे हे खरे, परंतु खारट, ओली जमीन मध्यम लहरींना उत्तम वाहून नेते. केंद्राने आपले काम चोख केले होते. वडिलांचे गिरगाव विजेच्या दृष्टीने शांत होते आणि लेकीचे नाही, एवढाच फरक पडला होता.

त्यानंतर मी ट्रान्झिस्टरलाच शिकारी कुत्र्यासारखे वापरले. त्याच्या आत फेराइटची कांडी असते, तीच त्याची एरियल. कांडीचे टोक ज्या दिशेला असेल तिकडून येणारा आवाज ती जवळपास घेत नाही, त्यामुळे खोक्याचा कोन बदलत गेले की उपद्रवाचा माग लागतो. तो टीव्हीमागच्या सेट-टॉप बॉक्सच्या अडॅप्टरपाशी आणि स्वयंपाकघरातल्या दोन स्वस्त दिव्यांपाशी जाऊन थांबला. अडॅप्टर मी बदलून दिला, दिवे नातवाने.

खरी चूक मात्र माझी होती. दुकानात माझ्या छताला तांब्याच्या जाळीच्या पट्टीची जुनी एरियल आहे, अर्थिंगही नीट आहे, म्हणून तेथे सेट बोलत होता. चाळीत बाईंच्या गॅलरीतही तशीच पट्टी होती आणि सामान हलवताना ती भंगारात गेली होती. दोन खेपांत मी त्यांना एरियलविषयी एका शब्दाने विचारले नव्हते. बाल्कनीच्या बाहेरच्या बाजूने मी आठ मीटर तार ताणली, शिल्डेड वायरने ती आत आणली आणि सेटच्या मागे जोडली. काटा पेन्सिलच्या रेघेवर नेताच केंद्र नीट लागले की मिटणारा हिरवा दिवा, मॅजिक आय, मिटत आला आणि मुंबई 'ब' लागले.

लिफ्टच्या मोटरचे मात्र मला काही करता आले नाही. ती चालू झाली की सेटमध्ये करवत चाले, थांबली की बंद. तसे मी बाईंना स्पष्ट सांगितले.

आठवड्याने सेट कसा वाजतो ते पाहायला गेलो, तर बेलकडे हात नेण्यापूर्वीच त्यांनी दार उघडले.

"लिफ्ट आपल्या मजल्यावर थांबली, ते रेडिओने सांगितलं," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.