आईने हात जोडले

आज आईने मला हात जोडले. सकाळी पाठ पुसली, पावडर लावली, कूस बदलून दिली आणि मी उठायला लागले, तर तिने डाव्या हाताने लुळा पडलेला उजवा हात मनगटाशी धरून उचलला, ओढत छातीवर आणला आणि त्यावर डावा तळवा टेकवला. नजर सरळ माझ्याकडे. "अगं आई, हे काय!" म्हणत मी तिचे हात सोडवले आणि बादली घेऊन बाहेर आले. नंतर दिवसभराची सगळी कामं झाली, पण ते काही डोक्यातून गेलं नाही.

तिच्या देखभालीला येणाऱ्या मावशींना ती रोज हात जोडते. फिजिओला जोडते, रक्त न्यायला येणाऱ्या मुलालाही जोडते. ते ठीकच आहे. बाहेरच्या माणसाने आपलं काही केलं की आपण हात जोडतो. पण मला? मी कधीपासून बाहेरची झाले?

दुपारी मनात आलं, की निरोप तर नाही ना हा. मोठ्या आत्याचं आठवलं. ते इथे नको.

खरं सांगायचं तर मी कित्येक महिने याचीच वाट बघत होते. रात्री दर दोन तासांनी उठून कूस बदलायची, पेज घोटाघोटाने भरवायची, आणि आईचा चेहरा मात्र उजळायचा तो दादाचा व्हिडिओ कॉल आला की. स्क्रीनवरून बोटं फिरवते ती. तेव्हा वाटायचं, एकदा तरी माझ्याकडे बघून काहीतरी कळल्यासारखं कर. आज केलं, तर मलाच ते घेता आलं नाही. मला हवं होतं तरी काय?

पुन्हा पुन्हा तिथेच येतेय. मावशी समजून तर जोडले नसतील? नाही, नजर ओळखीची होती.

स्पीच थेरपीच्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला, म्हणून उजवं अंग आणि वाचा दोन्ही गेलं. पण लहानपणापासून तोंडात बसलेलं बऱ्याचदा शाबूत राहतं. तसंच झालंय. आई संध्याकाळी शुभंकरोति अडखळल्याशिवाय म्हणते, बेचा पाढा म्हणते, ताट उचललं की 'अन्नदाता सुखी भव'सुद्धा येतं. तहान लागली की मात्र 'पाणी' येत नाही, नुसता गळ्याकडे हात जातो. त्यामुळे 'अन्नदाता सुखी भव' मी कधी मनाला लावून घेतलं नाही. ते पाठ आहे, आपोआप येतं. आजचे हात आपोआप जोडले गेले नव्हते. लुळा पडलेला हात उचलून आणावा लागला. त्याला किती वेळ लागला ते मी समोर उभी राहून पाहिलंय.

रात्री तीन चांगल्या गोष्टी लिहायची सवय भाचीने लावली. ती मानसशास्त्र शिकते. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो यांचा 2003 सालचा अभ्यास तिने मला समजावून सांगितला होता. त्यातल्या एका प्रयोगात स्नायूंचे आणि नसांचे आजार असलेली माणसं होती. त्यांतल्या काहींनी 21 दिवस, रोज, कशाकशाबद्दल कृतज्ञ वाटतं ते लिहिलं. त्यांना झोप जास्त मिळाली, आयुष्याबद्दल समाधान वाढलं. घरच्यांनाही विचारलं होतं, पण ते आजारी माणूस कसा वाटतो याबद्दल. हे ऐकून माझं मन खट्टू झालं होतं. जो रात्री उठतो त्याच्या झोपेचं काय?

तरीही मी लिहीत राहिले आणि ते मानवलंही. आधी अंथरुणाला पाठ टेकली की दिवसभर कोण काय बोललं ते सुरू व्हायचं, आणि त्यात दादाचं एखादं वाक्य असलं की पहाट. वहीत तीन ओळी लिहिल्या की ते चाक थोडं लवकर थांबतं. थांबतच नाही असं होत नाही, एवढं नक्की.

पण आज मागची पानं चाळली. 'आईने पेज खाल्ली. ठसका लागला नाही. दुपारी डोळा लागला.' पुढच्या पानावर तेच, त्याच्या पुढेही तेच. मीही पाठ म्हणत होते. भाचीने आणखी एक सांगितलं होतं, 2005 साली मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलेलं. आठवडाभर रोज तीन गोष्टी लिहायच्या, आणि त्या का घडल्या तेही लिहायचं. ते 'का' मी कधीच गाळून टाकलं होतं. रात्री अकराला कुणाला त्राण असतं!

आज बसून लिहिलं.

ठसका लागला नाही. का? मावशींनी दाखवलं होतं, की ताठ बसवायचं, हनुवटी थोडी खाली, आणि खाऊन झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही. मावशींना ते कुठल्याशा दवाखान्यात एका सिस्टरनी शिकवलं होतं. त्या सिस्टरना मी पाहिलेलंही नाही. दुपारी डोळा लागला. का? समोरच्या काकू स्वतःचं विणकाम घेऊन आईपाशी येऊन बसल्या, आणि जाताना कडी हळू लावली. तिसरी गोष्ट, पडून राहून कमरेवर झालेली जखम भरली. का?

इथे पेन थांबलं. दर दोन तासांनी कूस बदलली म्हणून. मी बदलली म्हणून.

हे मी कधी लिहिलंच नव्हतं. आईला मात्र ते माहीत होतं. पाठ तिची आहे, दुखत होती तेव्हा तिला कळत होतं आणि दुखायची थांबली तेही तिलाच कळलं. कुणामुळे थांबली, हेही. मग तिने काय करायचं होतं? शब्द येत नाहीत. लेकीला हात जोडू नयेत, असा काही नियम तिच्या मनात असेलही, पण बाकी काही हातात नसताना तिने तो बाजूला ठेवला. मला यात परकेपणा दिसला. आता लिहिताना तसा दिसत नाही. निरोपाची भीती पूर्ण गेलेली नाही, ती एवढ्यात जाणारही नाही. पण छातीवरचं ओझं दुपारपेक्षा हलकं आहे.

पुन्हा जोडले तर सोडवणार नाही. तिचं होईपर्यंत उभी राहीन.

उद्या मावशींची सुट्टी, त्यामुळे अंघोळही माझ्याकडेच. औषधांचे पैसे दादाकडून येतात, महिन्याच्या पहिल्या तारखेला, न सांगता. ते या वहीत एकदाही आलेलं नाही. त्याचं 'का' लिहायला अजून माझं मन तयार नाही. आज तरी नाही.