दहा किलोवॅटची ओळ

जानेवारी २०२१ मधला रविवार. पुण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी ४० किलोवॅट सोलरचं शेवटचं कोटेशन घेऊन बसलो होतो. खजिनदारांनी ३१ डिसेंबरच्या राजपत्राची प्रिंट पुढे सरकवली. वीज ग्राहकांच्या हक्कांचे केंद्राचे नियम. त्यात एक ओळ: दहा किलोवॅटपर्यंतच्या भाराला नेट मीटरिंग, म्हणजे छतावरची वीज बिलातून वजा; त्यावर ग्रॉस, म्हणजे ती सगळी कंपनीला विकायची. म्हणजे हक्कांच्या नियमातच हक्काला कात्री!

कोटेशनच्या पाठीवर हिशेब मांडला. एका किलोवॅटला वर्षाला १,४०० युनिट, ४० ला ५६,०००. नेट मीटरवर बिलातलं युनिट वाचतं, ते दहा रुपयांचं धरलं तर ५ लाख ६० हजार. १८ लाखांचा खर्च सव्वातीन वर्षांत फिटतो. ग्रॉसमध्ये आपली वीज स्वस्तात द्यायची आणि लिफ्ट-पंपाची पूर्ण दराने विकत घ्यायची. तीन रुपये मिळाले तरी पावणेअकरा वर्षं. चहा येईपर्यंत सभेचा उत्साह मावळला.

राज्य वीज नियामक आयोगाचे २०१९ चे नियम मंजूर भारापर्यंत, म्हणजे जोडणीला मंजूर असलेल्या किलोवॅटपर्यंत, नेट मीटर देत होते, पण केंद्राचा नवा नियम पुढे असताना सही कोण करणार? तिकडे २०२२ पर्यंत छतांवर ४० गिगावॅटचं उद्दिष्ट होतंच. गोम अशी की, महाग वीज घेणाऱ्या ग्राहकाच्या पैशावर शेतीपंपाची सवलत चालते. तोच छतावर वीज करू लागला की वितरण कंपन्यांच्या पोटात गोळा येतो.

सोसायटीचा भार दहाच्या वर, म्हणून नेट मीटरचा नाद सोडून शेवटी १० किलोवॅट, झिरो एक्स्पोर्ट ठरलं: जास्तीची वीज बाहेर जाऊच द्यायची नाही. साडेसात अश्वशक्तीचा पंप पहाटेऐवजी अकरा ते तीन चालवायचा. जोडणीच्या दिवशी कडक उन्हात इन्व्हर्टर जेमतेम ४०० वॅटवर अडला. पॅनल, केबल, सगळं तपासलं. मेन केबलवरचा सीटी, म्हणजे वीज आत येते की बाहेर जाते ते मोजणारा सेन्सर, उलटा बसला होता, बाण ग्रिडकडे. त्यामुळे आत येणारी वीज बाहेर चालली आहे असं समजून यंत्र उत्पादन दाबत होतं. सीटी फिरवला, आकडा ८ किलोवॅटवर गेला.

२८ जून २०२१ ला दुरुस्ती आली: ५०० किलोवॅट किंवा मंजूर भार, यांत कमी असेल तिथपर्यंत नेट मीटरिंग. सोसायटीचा फोन आलाच. उरलेल्या ३० किलोवॅटचा दर काढला, तोवर पॅनल महागले होते. ऑक्टोबरपासून जीएसटीही ५ वरून १२ टक्के झाला. खजिनदार म्हणाले, "जुन्या कोटेशनवर द्या ना."