तुम्ही विचारलंत म्हणून: बिघडत होते, तरी उपचार बंद का केले नाहीत?

"ताई, डॉक्टरकडं नेल्यावर तुमचे मिस्टर जास्तच बिघडले म्हणे. मग बंद का नाही केलंत?" औसा, निलंगा, उमरगा भागातल्या फौजींच्या बायका मला हे विचारतात. कुणी फोनवर, कुणी लग्नात हळूच बाजूला घेऊन. तिसऱ्या आठवड्यात मीही बंदच करायला निघाले होते, म्हणून नीट सांगते.

सतरा वर्षं नोकरी करून हे हवालदार म्हणून घरी आले. राष्ट्रीय रायफल्समध्ये दक्षिण काश्मीरला असताना रस्त्यात पेरलेल्या स्फोटकानं यांच्या पुढची गाडी उडाली. त्यात यांचा जोडीदार होता, आणि सकाळी गाडीतली जागा यांनीच त्याच्याशी बदलून घेतली होती. हे मला लग्नाच्या अकराव्या वर्षी कळलं.

तोवर मला दिसायचं ते एवढंच. मोटारसायकलवर नळकांडी पूल आला की हे शेतातून वळसा घालत. शेजारच्या विहिरीला सुरुंग लावायचा असला की सकाळीच लातूरला जात आणि दिवसभर एसटी स्टँडवर बसून राहत. बाज अंगणात, भिंतीला टेकवून. त्याचं मात्र कुणाला नवल वाटलं नाही, कारण सासूबाईंचं माहेर किल्लारी. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या भूकंपाच्या पहाटेपासून गणपती विसर्जनाच्या रात्री त्या छताखाली झोपत नाहीत. सासरे वारले तेव्हा हे रडले नाहीत. 'मिल्ट्रीवाल्याचं काळीज' म्हणून गावानं कौतुक केलं. मीही केलं.

नोकरीत असतानाच दाखवायला हवं होतं, असंही लोक म्हणतात. पण फौजेत आरोग्याची प्रतवारी 'शेप' (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांवर होते, त्यातलं पहिलं 'एस' मनाचं. त्यात खालची कॅटेगरी लागली की बढती अडेल, हत्यार हातात देणार नाहीत, युनिटमध्ये नाव होईल, या भीतीनं माणूस गप्प बसतो. यांनी गुडघेदुखी दाखवली, झोप दाखवली नाही.

शेवटी पुण्याच्या एका डॉक्टरबाईंकडे गेलो. आजाराचं नाव पीटीएसडी, म्हणजे जिवावरच्या प्रसंगाचा मनात राहून गेलेला आघात. गोळी सेर्ट्रालीनची. तिचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, हे त्यांनी आधीच सांगितलं. खरं काम बोलण्याचं होतं. पद्धतीचं नाव प्रोलाँग्ड एक्स्पोजर, ती एडना फोआ या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बसवली. साधारण ८ ते १५ बैठका, बहुधा दीड तासाची एक. डोळे मिटून तो दिवस आत्ता घडतोय असा सांगायचा. संपला की पुन्हा पहिल्यापासून. त्याचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं. आणि ज्या ज्या गोष्टी टाळतो त्यांना भीतीचे शून्य ते शंभर गुण देऊन खालून वर चढत जायचं.

तिसऱ्या आठवड्यात घर हललं. बंद झालेली स्वप्नं रोज पडायला लागली. ताटावरून उठत. पोराच्या हातून तांब्या पडला तर असे ओरडले की पोरगं दोन दिवस माझ्या पदराला धरून होतं. एका रात्री गोठ्यात बैलाच्या मानेवर डोकं ठेवून उभे दिसले. मी बाईंना फोन केला, "चांगला चालता-बोलता माणूस आणला होता हो तुमच्याकडं."

त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, ते चालते-बोलते होते ते तो दिवस सगळा जोर लावून दाबून ठेवल्यामुळं. आता आपण त्यांना जोर सोडायला सांगितलाय. सगळ्यांचं असं होत नाही, काहींचं होतं. आणि ज्यांचा त्रास असा मध्येच वाढतो त्यांना शेवटी कमी गुण येतो असं अभ्यासात दिसलेलं नाही. त्या त्रासाचं मापही घेत होत्या. वीस प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८०. सुरुवातीला ५६ होते, आता ६३. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आकडा वाढला की आनंद व्हायची सवय. हा वाढलेला आकडा बघून पाय गळाले.

पण हे ऐकून कुणी घरी नुसतं वाट बघत बसू नका. बाईंनी यांना माझ्यासमोर सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" मला राग आला, नसलेला विचार डोक्यात घालताहेत असं वाटलं. विचारल्यानं तो येत नसतो, हे नंतर समजलं. हे म्हणाले, "कधी कधी." त्याच दिवशी फवारणीची औषधं मी माझ्या भावाच्या गावी पाठवली. बँकेत गार्ड म्हणून लागण्यासाठी घेतलेली बारा बोअरची बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली. बाईंचा रोज फोन. हे दारूकडं वळले किंवा तो विचार पक्का होताना दिसला, तर बैठका थांबवून आधी त्यांना सांभाळायचं, असं ठरलं होतं. एवढ्या पहाऱ्यात बिघडणं वेगळं, एकट्यानं बिघडणं वेगळं. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेली-मानस या मनाच्या आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लावा, मराठीत बोलतात. फौजेसाठी त्याची वेगळी शाखा पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात, १ डिसेंबर २०२३ ला सुरू झाली आहे.

सहाव्या बैठकीत जागेची गोष्ट निघाली. इतकी वर्षं मनात एकच वाक्य होतं, 'मी मारलं त्याला.' बाईंनी विचारलं, "त्या सकाळी तुम्हाला काय माहीत होतं?" परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये हे रात्रभर बोलले नाहीत. घरी आल्यावर सासऱ्यांच्या फोटोसमोर बसले आणि चार वर्षांनी बापासाठी रडले. भावकीतले म्हणाले, मिल्ट्रीवाला खचला, देवऋष्याला दाखवा. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की माणूस घरी आला.

पुढं राग उतरला, मग जेवण सुधारलं, झोप सगळ्यात शेवटी. पुलाला यांनी ८५ गुण दिले होते. आधी शंभर पावलांवर बसले, मग चालत ओलांडला. मग मला मागं बसवून मोटारसायकलवरून. पुलावर यांची पाठ माझ्या हाताला चिंब लागली, पण गाडी वळली नाही. शेवटच्या बैठकीला आकडा २७. सुरुंग उडाला की अजून उठून उभे राहतात. थोड्या वेळानं बसतात.

रेकॉर्डिंग हे गोठ्यामागच्या लिंबाखाली इअरफोन लावून ऐकायचे. एकदा सासूबाईंनी विचारलं, "रोज काय ऐकतुस रं?" यांनी सगळं सांगितलं. गाडी, जागा, जोडीदार. त्या बराच वेळ काडीनं माती उकरत बसल्या. मग म्हणाल्या, "तुला कुनीतरी इचारलं तरी. मला कुनी इचारलंच न्हाई."

यांनी इअरफोन काढले, बाजेवर सरकून जागा केली आणि म्हणाले, "सांग."