आधी सभासदांची यादी, मग सचिवाचं नाव

डाव्या पक्षात दोन गट पडले की चर्चा लगेच माणसांवर घसरते. हा चालेल, तो नको, तिसरा दोघांनाही चालेल. सोलापुरात हे फारच लवकर होतं, कारण इथे लाल बावटा म्हटलं की माणसंच डोळ्यांपुढे येतात. नरसय्या आडम मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा आमदार झाले. बिडी कामगार बायकांसाठी कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. तिकडे सांगोल्यात शेकापचे गणपतराव देशमुख अकरा वेळा निवडून आले. अशा जिल्ह्यात ‘पुढचा कोण’ याचं उत्तर शोधताना लोक तशाच उंचीचा माणूस शोधू लागतात.

माझं म्हणणं असं की फुटीच्या काठावर आलेल्या पक्षात नाव शोधून भांडण मिटत नाही. हरलेला गट मोजणी मानायला तयार असेल तरच ते मिटतं. आणि मोजणी मान्य व्हायची तर मतदारांची यादी आधी मान्य झालेली असावी लागते.

एक फरक सुरुवातीलाच करून ठेवावा. मोर्चापुढे तेलुगू-मराठीत बोलून शहराचा तेलुगूभाषक कामगारांचा पूर्व भाग हलवणारा नेता वेगळा आणि संघटनेचा सचिव वेगळा. सचिवाचं काम म्हणजे बैठकांच्या नोटिसा, लेव्हीचा, म्हणजे सभासदांनी उत्पन्नातून पक्षाला द्यायच्या वर्गणीचा, हिशेब, शाखांचे अहवाल आणि दोन कार्यकर्त्यांमधलं भांडण लेखी तक्रार होण्याआधी सोडवणं. दोन्ही गुण एकाच माणसात असतील तर उत्तम. नसतील तर सचिवपदी दुसऱ्या प्रकारचा माणूस बसवावा आणि पहिल्याला व्यासपीठ द्यावं. नेमकं उलट केलं की वर्षभरात दफ्तर ओस पडतं.

आता यादी. माकपमध्ये, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षात, सभासदत्वाचं नूतनीकरण दरवर्षी होतं, आणि नवा माणूस आधी वर्षभर उमेदवार सभासद असतो; त्या काळात त्याला मत नसतं. हा नियम नीट पाळला तर अधिवेशनाच्या तोंडावर पाचपन्नास जणांची भरती करून बहुमत बनवता येत नाही. म्हणून मतदारयादी शेवटच्या पूर्ण झालेल्या नूतनीकरणाचीच धरावी. त्या तारखेनंतरचं एकही नाव घेऊ नये, ते कितीही चांगल्या कार्यकर्त्याचं असो. लेव्ही थकलेल्यांचं काय करायचं हे सर्व शाखांसाठी एकदाच, लेखी ठरवावं. थकबाकीचा नियम वर्षानुवर्षं कुणी लावत नाही आणि ऐन अधिवेशनात फक्त विरोधी गटावर लावला जातो. फुटीचं पहिलं कारण मी तरी हेच मानतो. यादीची प्रत दोन्ही बाजूंना एकाच दिवशी द्यावी, हरकतींना पंधरा दिवस ठेवावेत आणि हरकतींचा निकाल सचिवपदाच्या इच्छुकांपैकी कुणी देऊ नये.

शाखांनी अधिवेशनाला पाठवायच्या प्रतिनिधींचं प्रमाणही इथेच तपासावं. समजा, दर दहा सभासदांमागे एक प्रतिनिधी आणि प्रत्येक शाखेला किमान एक, असा नियम आहे. साठ सभासदांची एक शाखा सहा प्रतिनिधी पाठवते. तेच साठ जण सहा-सहाच्या दहा शाखांत वाटले की दहा प्रतिनिधी येतात. त्यामुळे अधिवेशन जाहीर झाल्यावर शाखा फोडणं किंवा जोडणं बंद ठेवावं. पंधरा सभासद असतील तर प्रतिनिधी एक की दोन, हेही आधीच लिहून ठेवावं.

शाखा बैठकीची वेळ ही वरवर किरकोळ बाब. पण सोलापुरात ती निकाल फिरवते. बिडी वळणारी बाई हजार बिड्यांचा माल घेऊन कारखान्यात जाते, तिथे माल तपासून घेतला जातो, मग पुढच्या दिवसाची पानं-तंबाखू मिळते. ती रांगेत असताना बैठक लावली की कामगार बायकांच्या शाखेचा प्रतिनिधी चार पुरुष ठरवून मोकळे होतात. यंत्रमाग कामगारांच्या बाबतीत कामाची पाळी बघावी लागते. अहवाल आणि ठराव मराठीबरोबर तेलुगूत वाचून दाखवावेत; नाहीतर बायका हात वर करतात, पण कशासाठी ते त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. गणपूर्ती झाली नाही तर बैठक पुढे ढकलावी. सह्या घरोघरी फिरवून गोळा करू नयेत. अशा सह्यांवरच पुढे वाद उभे राहतात.

खरी लढाई मात्र समितीच्या पॅनेलवर होते. कम्युनिस्ट पक्षांत अधिवेशन थेट सचिव निवडत नाही. ते समिती निवडतं आणि समिती आपल्यातून सचिव. मावळती समिती नावांचं पॅनेल मांडते, प्रतिनिधी हरकत घेऊ शकतात, नवं नाव सुचवू शकतात, आणि जादा नाव राहिलं तर गुप्त मतदान होतं. एप्रिल २०२५ मध्ये मदुराईच्या माकप महाअधिवेशनात हेच घडलं. महाराष्ट्रातले सीटू या कामगार संघटनेचे नेते डी. एल. कराड केंद्रीय समितीसाठी पॅनेलविरुद्ध उभे राहिले, मतदान झालं, त्यांना ३१ मतं पडली आणि ते हरले. त्याच दिवशी एम. ए. बेबी सरचिटणीस झाले. पक्ष फुटला नाही. मतदान म्हणजे बेशिस्त, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. दाबून आणलेल्या ‘एकमता’पेक्षा मोजलेली ३१ मतं पक्षाला जास्त निरोगी ठेवतात.

अडचण मतदानाच्या पद्धतीत आहे. तिथे प्रत्येक प्रतिनिधीला जागा तितकी मतं असतात, एका उमेदवाराला एकच. समजा २५ जागा, १०० प्रतिनिधी, आणि ते ५५ विरुद्ध ४५ असे विभागलेले. शिस्तीने मतं पडली तर ५५ वाले सगळ्या २५ जागा घेतात. पंचेचाळीस टक्के पक्ष समितीबाहेर! मग तो पक्षाबाहेर जायला वेळ लागत नाही. मतपत्रिकेवर नेमक्या २५ खुणा सक्तीच्या केल्या तर अल्पमतातल्या माणसाला विरोधकांनाही मतं द्यावी लागतात, म्हणून कमी खुणांची मतपत्रिका वैध की बाद हेही आधी ठरवावं.

गट उघडपणे मान्य असतील आणि पक्षाची घटना आड येत नसेल, तर पसंतीक्रमाची पद्धत घ्यावी. पुणे पदवीधर मतदारसंघात सोलापूर जिल्हा येतो, त्यामुळे १, २, ३ असे आकडे लिहिणं इथे अनेकांना ठाऊक आहे. राज्यसभेला जसा कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, काढतात तसा काढला, तर १०० मतं आणि २५ जागांना कोटा ४ मतांचा पडतो. ५५ वाल्यांना १४ आणि ४५ वाल्यांना ११ जागा मिळतात. बहुमत बहुमतच राहतं, फक्त त्याला रोज समोरच्याशी बोलावं लागतं. कमी ताणाच्या पक्षात एवढी खटपट नको. पॅनेल बनवतानाच दोन्हीकडची नावं घेणं पुरतं.

थेट सभासदांकडून नेता निवडावा, असा आग्रह तरुण कार्यकर्ते धरतात. ब्रिटनच्या मजूर पक्षात जेरेमी कॉर्बिन २०१५ मध्ये ५९.५ टक्के मतांनी निवडून आले, पण जून २०१६ मध्ये त्यांच्याच खासदारांनी १७२ विरुद्ध ४० असा अविश्वास दाखवला. सप्टेंबरमध्ये सभासदांनी त्यांना ६१.८ टक्क्यांनी पुन्हा निवडलं, आणि खासदारांशी भांडण तसंच राहिलं. सभासद एकाला निवडणार आणि रोजचं काम दुसऱ्यांच्या हातात, अशी रचना असेल तर थेट निवड फूट बुजवत नाही. दोन अध्यक्षांची तोड त्याहून कच्ची. नेपाळमध्ये २०१८ साली एकत्र आलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे ओली आणि प्रचंड दोघेही अध्यक्ष होते. २०२० अखेरीस पक्ष दुभंगला होता.

कागदपत्रांबद्दल आपल्याकडे फार बेफिकिरी आहे, आणि ती महागात पडते. पक्ष फुटला की १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशाच्या परिच्छेद १५ खाली खरा पक्ष कोणता हे निवडणूक आयोग ठरवतो. शिवसेनेच्या प्रकरणात फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने आमदार-खासदारांच्या संख्येवर निकाल दिला. आपल्या डाव्या पक्षांकडे लोकप्रतिनिधी बोटावर मोजण्याइतके. आपला पुरावा म्हणजे नूतनीकरणाच्या याद्या, नोटिसा, हजेरी आणि इतिवृत्त. म्हणून मोजणी झाल्यावर मतपत्रिका मोहोरबंद करून ठेवाव्यात, प्रत्येक उमेदवाराची मतं इतिवृत्तात लिहावीत आणि दोन्ही बाजूंच्या सह्या तिथेच घ्याव्यात.

निवडीनंतरच्या पहिल्या बैठकीत बँक खात्यावरच्या सह्या बदलण्याचा ठराव करावा. सोलापुरात पक्षाची ताकद युनियनमध्ये आणि घरकुलांच्या संस्थांमध्ये आहे; त्यांच्या नोंदणी वेगळ्या, कार्यकारिणी वेगळ्या, निवडणुकाही वेगळ्या. पक्षाचा सचिव बदलला म्हणून तिथलं दफ्तर मागायला जाऊ नये. आणि हरलेल्या गटातल्या एकाकडे एखाद्या मोठ्या आघाडीची जबाबदारी द्यावी, किमान वेतनाच्या लढ्यासारखी, जिथे माणसं आणि पैसा दोन्ही लागतो. नुसतं ग्रंथालय सांभाळायला दिलं तर त्याचा अर्थ त्याला बरोबर कळतो.