तिसरा आठवडा

अर्चनाने पिंपलवरची ट्रेटिनॉइनची ट्यूब बंद केली. जवळजवळ भरलेलीच आहे. "मला नाही सोसत, मावशी," एवढंच म्हणाली. दुपारपासून तेच मनात घोळतंय.

तिसऱ्या आठवड्यात बंद केली, हेच लागतं. ट्रेटिनॉइनचा त्रास आधी येतो, गुण मागाहून. सुरुवातीचे काही आठवडे कातडी ओढल्यासारखी होते, नाकाच्या कडेला पापुद्रे सुटतात, तोंड धुतलं तरी चुरचुरतं. आत दबलेले पिंपल भराभर वर येतात, म्हणून चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. खरा फरक कळायला बारा आठवडे लागतात. म्हणजे आरसा सगळ्यात जास्त छळतो तेव्हाच माणूस हात आखडता घेतो. पेशी लवकर बदलतात म्हणून रंध्रं तुंबत नाहीत, आणि त्याच घाईत वरचा थर हळवा होतो. यातलं एक घेऊन दुसरं टाळता येत नाही, कमी मात्र करता येतं.

ते कमी कसं करायचं हे कोण सांगतं? चिठ्ठीवर 'रात्री लावणे' एवढंच. १९७१ साली अमेरिकेत पिंपलसाठी मान्यता मिळालेलं औषध, आणि अजून पोरी ते बोरोलीनसारखं चोपडतात. किती वेळा घसा कोरडा करायचा? कधीकधी वाटतं, आपल्या सांगण्याला काही किंमतच नाही.

पूर्ण चेहऱ्याला मटारच्या एका दाण्याएवढं पुरतं. कपाळ, दोन्ही गाल, हनुवटीवर ठिपके देऊन पसरायचं. डोळ्यांचे, ओठांचे कोपरे आणि नाकपुडीची घडी सोडायची. चेहरा धुतल्यावर वीसेक मिनिटं कोरडा होऊ द्यायचा, कारण ओल्या कातडीवर ते जास्त झोंबतं. आधी ०.०२५ टक्के ताकदीचं, आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा, खाली-वर साधं मॉइश्चरायझर. स्क्रब बंद. अप्परलिपला वॅक्स तर नकोच, पट्टीबरोबर कातडी निघते. सकाळी सनस्क्रीन, ढगाळ असलं तरी. पिंपलवरचीच दुसरी, बेंझॉइल पेरॉक्साइडची जेल त्याच वेळी लावली तर साधं ट्रेटिनॉइन निकामी होतं. त्याच जातीतल्या अ‍ॅडापॅलीनचं तसं होत नाही, शिवाय ते सौम्यही असतं.

दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल तर ट्रेटिनॉइन आणि अ‍ॅडापॅलीन दोन्ही नकोत. पिंपलसाठीच देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांची गोष्ट तर याहून गंभीर, बाळात व्यंग येतं. गोळ्या थांबल्यावरही किमान महिनाभर जपायचं. लग्नाचं बघतायत तिचं... असो.

खरी भीती वेगळीच आहे. उद्या कोणी तिला ती तिहेरी क्रीम देईल, रंग उजळवणारं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइडची. ती फारशी झोंबत नाही, कारण स्टिरॉइड जळजळ दाबून टाकतं. चार दिवसांत चेहरा उजळतो, आणि मग महिनोन्‌महिने लावत राहिलं की कातडी पातळ, लालबुंद, बारीक शिरा दिसायला लागतात. सोडली की भडका उडतो, म्हणून पुन्हा तीच. सोसणारं औषध असं असतं.

त्यापुढे अर्चनाची थांबलेली ट्यूब काहीच नाही. तीन आठवड्यांत कातडीचं कायमचं नुकसान झालेलं नाही. सात-आठ दिवस नुसतं मॉइश्चरायझर लावून, चुरचुर पूर्ण थांबल्यावर, डॉक्टरांना विचारून आठवड्यातून दोन रात्रींनी पुन्हा सुरू करता येतं. तोवर ट्यूब झाकण घट्ट लावून कपाटात, उजेडापासून लांब.